पुढच्या माणसाचे हात

डाव्या आरशात मागे पडलेल्या साखर कारखान्याची धुराडी एकाऐवजी दोन दिसत होती. दोन्हींच्या मध्ये जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी फट होती. हेमांगी टिळेकरने ती फट लगेच ओळखली. आरसा हँडलला जोडलेला असतो. हँडल थरथरलं की तोही डावी-उजवीकडे हलतो, दोन्ही टोकांशी क्षणभर रेंगाळतो, आणि डोळ्याला एका उभ्या वस्तूच्या दोन दिसतात. हाताला अजून काहीच जाणवलं नव्हतं. हाताला कळण्याआधी आरशाला कळतं, हे तिला माहीत होतं.

फट हरभऱ्याएवढी झाली तेव्हा हातालाही कळलं.

गाडीचा वेग साठच्या आसपास होता. बार्शीकडून येडशीला जाणारा रस्ता तिथे सरळ आणि गुळगुळीत होता, आणि समोरून उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. हँडल आता तिच्या तळहातांवर धडका मारू लागलं. अशा वेळी माणसाचं सगळं अंग एकच सांगतं, घट्ट धर. आणि नेमकं तेच करायचं नसतं. घट्ट धरलेले हात गाडीचाच भाग होतात आणि थरथर अंगात शिरते. हेमांगीने बोटं सैल सोडली, छाती टाकीवर टेकवून पुढच्या चाकावर वजन दिलं, ब्रेकला हात लावला नाही, आणि वेग आपोआप उतरू दिला. ट्रॅक्टर अंगावरून गेल्यासारखा शेजारून गेला. उसाचं एक लोंबतं पान तिच्या खांद्याला चाटून गेलं. मग हँडलने आणखी दोन-तीन आचके दिले आणि ते मुकाट झालं.

तिने गाडी बाभळीखाली घेतली. शिरस्त्राणातल्या ध्वनियंत्रातून, सगळ्यात पुढे गेलेल्या देवस्थळी सरांचा आवाज आला.

"काय गं, परत? अगं, गाडी आहे ती. मिठी मारायची नसते तिला."

त्यामागून मधल्या गाडीवरच्या कोकाट्याचं हसू आलं. सर विनोद करत तेव्हा संस्थेत सगळे जेवढं हसत, तेवढंच. सरांचा आवाज कानाला ओला लागावा इतका जवळ होता. हेमांगीने शिरस्त्राण काढलं आणि रुमालाने कान पुसला.

डॉ. श्रीरंग देवस्थळी गतिविज्ञान संस्थेचे संचालक होते, आणि 'पथसाखळी' ही त्यांची कल्पना होती. मंजुरी मिळाली की ती यंत्रणा देशातल्या प्रत्येक नव्या दुचाकीला सक्तीची होणार होती. मंजुरी देणारी समिती वेगळी होती, पण स्थैर्य-परीक्षकाने स्वतःच्या तोंडाने होकार दिल्याशिवाय समितीला पुढे जाता येत नव्हतं. ही स्थैर्य-परीक्षक म्हणजे हेमांगी. आधीच्या तिन्ही बैठकांत तिने 'अजून एक फेरी घेऊ' एवढंच म्हटलं होतं. का, ते तिला स्वतःलाही धड सांगता आलं नव्हतं. तिची वर्षाची नेमणूक सरांच्या सहीनेच वाढे, हेही त्या न सांगण्यात होतं. आज दुपारी समिती चौथ्यांदा विचारणार होती. सरांनी हौसेने ठरवलं होतं की उत्तर रस्त्यावरूनच द्यायचं.

ती गुडघ्यावर बसली. पुढच्या टायरमधली हवा बरोबर होती. चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं. बेअरिंगमध्ये खेळ नव्हता. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. हँडलच्या मानेतला कोनसेट कुठे अडकत नव्हता, कुठे सैल पडत नव्हता. आसाचा नट घट्ट होता. मागे सामानाची पेटी नव्हती, म्हणजे पुढचं चाक हलकं पडायचंही कारण नव्हतं. ज्या-ज्या गोष्टीमुळे चांगली गाडी अचानक थरथरू लागते, त्या सगळ्या जागच्या जागी होत्या. सर याचा एकच अर्थ काढणार होते. गाडीत दोष नाही, म्हणजे दोष हातांत.

बळवंत कोकाटे गाडी वळवून परत आला. तो संस्थेचा संदेशवहन अभियंता. सांगलीकडचा, तोंडाळ, आणि सरांसमोर मात्र मवाळ. सर पुढे रसवंतीवर थांबलेत, असं त्याने सांगितलं. मग तिच्या गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? माझी पण जरा नाचत होती. म्हटलं, रस्ता असेल."

"किती नाचत होती?"

"तुमच्यापेक्षा कमी. बोलण्यासारखं नव्हतं."

हेमांगी त्याच्याकडे पाहत राहिली. अडलं की सगळं पहिल्यापासून, शाळेतल्या मुलांना सांगावं तसं मांडायचं, ही तिची सवय कोकाट्याला ठाऊक होती. तो दगडावर बसला. दोघांनी आळीपाळीने मांडायला सुरुवात केली.

हँडल दोनच कारणांनी हलतं. एक रस्ता, दुसरं चालवणाऱ्याचे हात. हँडलच्या मुळाशी बसवलेल्या छोट्या मोटरला, म्हणजे कंपशामकाला, रस्त्याचा धक्का जागीच जिरवायचा असतो. हाताचा धक्का मात्र जिरवायचा नसतो, कारण हात वळण घेत असतो आणि वळणाला विरोध केला तर गाडी शेतात जाईल. मग हा धक्का कुणाचा, हे ओळखायचं कसं? त्यासाठी हस्तखूण. गाडी घेताना मालक मुठी धरून बसतो आणि ते हात कसे ढकलतात, कसे ओढतात, हे यंत्र टिपून ठेवतं. पुढे त्या खुणेशी जुळेल तो हात. जुळणार नाही ते सगळं रस्ता.

इथपर्यंतचा कंपशामक जुनाच होता. सरांनी त्याला साखळी जोडली. पुढच्या गाडीला रस्त्याचा धक्का लागला की ती मागच्या गाडीला कळवते, अमुक जागी असा धक्का येतोय. मागची गाडी त्या जागी पोचताच उलटा धक्का देऊन तो खड्डा जणू नव्हताच असं करते. चाचण्यांत हे इतकं सुरेख चालायचं की जाहिरातवाल्यांनी त्याला 'रेशमी प्रवास' हे नावही देऊन टाकलं होतं.

"आता समज," हेमांगी म्हणाली, "पुढच्या गाडीने नसलेला खड्डा कळवला."

कोकाट्याला पुढचं सांगावं लागलं नाही. मागची गाडी नसलेल्या खड्ड्याला उलटा धक्का देईल. तो धक्का तिच्या स्वाराच्या हस्तखुणेशी जुळणार नाही, म्हणून तोही रस्ता ठरेल, आणि स्वतःची भर घालून ती तो तिसरीकडे ढकलेल. शेवटच्या गाडीच्या वाट्याला सगळ्यात जास्त.

"पण नसलेले खड्डे येणार कुठून?" तो म्हणाला.

हेमांगीने त्याला एकच गोष्ट विचारली. आज सकाळपासून वेग बदलला तेव्हा थरथरीची गती बदलली का? तो विचार करून म्हणाला, नाही. चाळीसला असो की साठला, सेकंदाला पाचेकच. हेमांगीलाही तसंच जाणवलं होतं. रस्त्याचे धक्के वेग वाढला की भरभर येतात. हे येत नव्हते. म्हणजे हा रस्ता नव्हता. हे स्वतःचं घड्याळ असलेलं काहीतरी होतं.

तिने शिरस्त्राण घातलं आणि कोकाट्याला तिथेच ठेवून त्याच सरळ पट्ट्यावर एकटीने फेरी मारली. आरशात धुराडं एकच होतं, पेन्सिलीने काढल्यासारखं. मग कोकाट्याला पुढे घालून त्याच्यामागे गेली. तेव्हाही एकच.

दोघं पुन्हा बाभळीखाली थांबले. उरलेली गाडी एकच होती, आणि तिचं नाव घ्यायला दोघांचीही जीभ उचलत नव्हती.

हेमांगी आल्यापासूनच्या दीड वर्षात शेकडो फेऱ्या झाल्या होत्या आणि प्रत्येक फेरीत सर पुढे होते. तसा नियम नव्हता. कुणी ठरवलंही नव्हतं. सरांच्या पुढे गाडी कोण काढणार? संस्थेत जिन्यावर सर पुढे असत, उद्‌वाहकात सर आधी शिरत, जेवणाच्या रांगेत त्यांच्यासाठी जागा आपोआप मोकळी होई. सर चहा अर्धा कप घेत म्हणून हळूहळू सगळी संस्था अर्धा कप चहा पिऊ लागली होती. टायर बदलून पाहिले, वजनं बदलून पाहिली, पाऊस-ऊन सगळं पाहिलं. क्रम तेवढा कुणी बदलला नाही. विज्ञान शिकलेल्या चाळीस माणसांच्या डोक्यात ते आलंच नाही, कारण ते प्रयोगात नव्हतं, शिष्टाचारात होतं. अर्धा कप चहा हेमांगीही पीत होती.

"मॅडम," कोकाटे खाली बघत म्हणाला, "मिताली पण शेवटीच असायची."

मिताली गायधनी हेमांगीच्या आधी या जागी होती. उताराच्या वळणावर तिचं हँडल असंच अंगावर आलं होतं. उजवा खांदा पुन्हा कधी पूर्ण वर गेला नाही. चौकशीचा निष्कर्ष होता, चालकाची पकड सदोष. त्यानंतर तिने नोकरी सोडली, आणि तिच्या रिकाम्या जागेवर हेमांगी आली.

रसवंती फार लांब नव्हती. रस्त्याकडेला पत्र्याची भिंत, वर ताडपत्री. चरकाला आता घुंगरं नव्हती, त्यांचा आवाज एका कर्ण्यातून येत होता. शेजारी चिपाडांचा ढीग आंबून घमघमत होता आणि त्यावर गांधीलमाश्या बसल्या होत्या. सर आपल्या गाडीवरच बसले होते. गाडी मधल्या स्टँडवर, यंत्रणा चालू, दोन्ही हात मुठींवर निवांत ठेवलेले. रसवाल्याला ते त्याच्या चरकाची कार्यक्षमता समजावून सांगत होते, आणि तो बिचारा मान डोलावत होता.

हेमांगीने आपली गाडी त्यांच्या बरोबर मागे लावली, मधल्या स्टँडवर घेतली आणि यंत्रणा परीक्षण-स्थितीत टाकली. या स्थितीत गाडी उभी असली तरी पुढच्या चालू गाडीने कळवलेल्या धक्क्याला जागच्या जागी उलटा धक्का देते. तिने कोकाट्याला त्याची गाडी बंदच ठेवायला सांगितलं. मग ती गाडीपासून चार पावलं दूर जाऊन उभी राहिली.

तिच्या आरशातून उन्हाचा एक कवडसा पत्र्याच्या भिंतीवर पडला होता. कवडसा लांबट झाला. मग त्याचे दोन झाले. गाडीवर कुणी नव्हतं, रस्ता जागचा हलत नव्हता, आणि हँडल आपलं आपण बारीक थरथरत होतं. पुढच्या गाडीवर सर बसले होते आणि त्यांचं हँडल मात्र चित्रातल्यासारखं स्थिर होतं.

सरांनी मान पुसायला उजवा हात उचलला. कवडसा एक झाला. हात परत मुठीवर आला. कवडसे दोन झाले.

हातात वस्तू घट्ट धरली की न दिसणारी आणि हात निवांत टेकवला की सुरू होणारी, सेकंदाला पाचेक वेळा येणारी थरथर कंपवाताची असते, हे हेमांगीला वैद्यकीय पुस्तकांतून माहीत होतं. अर्धा कप चहा का, तेही आता कळलं. पूर्ण कप हिंदकळतो.

सरांनी तिची नजर पाहिली, मग भिंतीवरचा कवडसा पाहिला. उजवा हात सावकाश खिशात घातला. भिंतीवर पुन्हा एकच कवडसा राहिला.

क्षणभर हेमांगीला त्यांची कीव आली. आजार काही गुन्हा नव्हता. त्यांची हस्तखूण जुनी होती, साखळीच्या पहिल्या दिवसांतली. थरथर नंतर आली असणार, म्हणून यंत्र तिला रस्ता समजत होतं. त्यांना कळलंच नसेल. त्यांचं स्वतःचं हँडल तर कधी हललंच नव्हतं. हे सगळं खरं निघावं अशी तिची मनापासून इच्छा होती, आणि त्या इच्छेनेच ती म्हणाली, "सर, नवी हस्तखूण घेऊ या. इथेच होईल."

"घेतली होती," सर म्हणाले.

ते शांतपणे बोलत होते, वर्गात बोलायचे तसे. नवी खूण घेतल्यावर यंत्राने ती थरथर हात म्हणून ओळखली, आणि हाताला विरोध करायचा नाही म्हणून ती थांबवली नाही. मागे काही जाईना, पण पुढेही काही थांबेना. संस्थेच्या धावपट्टीवर पहिल्याच वळणाला ते पडले. कुणी पाहिलं नाही. कोपर खरचटलं. त्याच संध्याकाळी त्यांनी जुनी खूण परत घातली, आणि गाडी पुन्हा रेशमासारखी झाली.

"हे कधी?" हेमांगीने विचारलं.

"गायधनीच्या आधी."

कर्ण्यातली घुंगरं वाजत राहिली. कोकाटे चिपाडांच्या ढिगाकडे तोंड करून उभा होता.

"असं बघू नकोस," सर म्हणाले. "तू शास्त्रज्ञ आहेस. ती शेवटी होती. शेवटच्याच्या मागे कुणी नसतं. साखळी कुठेतरी संपणारच."

मग त्यांनी तिला बाकीचंही समजावलं. कुणाचे हात तसेच राहतात? म्हातारपण येतं, थंडी वाजते, ताप येतो, एखादा दोन पेग घेऊन निघतो. यंत्र सगळ्यांना सांभाळून घेतं. लोकांना हेच हवं आहे आणि लोक हेच विकत घेणार आहेत. हा दोष नाहीच, हा गुण आहे; फक्त त्याचं नाव नीट ठेवायला हवं.

हेमांगी ऐकत होती आणि तिचं मन त्या गृहीतकाच्या टोकापर्यंत चालत गेलं होतं. पिऊन निघालेला पुढचा माणूस घरी सुखरूप पोचेल. त्याच्या मागचा, शुद्धीतला, पडेल. चौकशीत पुढच्याचा प्रवास रेशमी निघेल आणि मागच्याचं हँडल वेडंवाकडं. दर वेळी पडलेल्याचेच हात तपासले जातील. पुढच्याचे कधीच नाहीत. आणि हे एकदा नाही, प्रत्येक रस्त्यावर, रोज, कुणालाही कळू न देता.

सरांनी डाव्या हाताने रसाचा पेला तिच्यापुढे केला. पेला अर्धा होता आणि काठावर गांधीलमाशी चालत होती.

"घे. आणि ऐक, तुझ्या हातांबद्दल मी मघाशी बोललो ते मागे घेतो. यापुढे तू मध्ये चालव. तुझी जागा आता मधली. जूनमध्ये नवी मुलगी येतेय कोल्हापूरची, हुशार आहे. ती चालवेल शेवटी."

हेमांगीने पेला घेतला नाही. तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि दीड वर्ष ज्या गोष्टीला तिच्याकडे शब्द नव्हते तिचं रूप तिला प्रथमच स्पष्ट दिसलं. ही थरथर थांबवणारी यंत्रणा नव्हती. ही थरथर मागच्याच्या गळ्यात घालणारी यंत्रणा होती, आणि आत्ता तिला त्यात मधली जागा बढती म्हणून मिळत होती.

सरांचा भ्रमणध्वनी वाजला. त्यांनी तो गाडीच्या टाकीवर ठेवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. समितीच्या अध्यक्ष पाठारेबाई बोलत होत्या. आवाजात थकवा होता. त्यांनी सगळ्यांना नमस्कार सांगितला, रस्त्यावर ऊन फार आहे का विचारलं, आणि मग म्हणाल्या की समितीला आज हो किंवा नाही, एवढंच ऐकायचं आहे; अजून एक फेरी, हे उत्तर या खेपेला धरलं जाणार नाही.

"हेमांगी इथेच आहे," सर म्हणाले. त्यांचा उजवा हात अजून खिशात होता. "फेरी उत्तम झाली. ऐका तिच्याकडूनच."

मग त्यांनी तिच्याकडे पाहून किंचित मान हलवली, जिन्यावर मागच्याला वाट देताना करतात तशी. त्यांनी कुणाला अशी वाट दिलेली तिने कधी पाहिली नव्हती.

कोकाट्याने वळून पाहिलं. हळूच पुढे आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. आता तो सरांच्या बाजूला नव्हता.

"टिळेकर?" पाठारेबाई म्हणाल्या. "ऐकू येतंय ना?"

"येतंय," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. "मिताली गायधनीच्या हातांत दोष नव्हता. दोष पुढच्या गाडीवरून येत होता, तो आम्ही आत्ता उभ्या गाडीवर पाहिला, आणि संचालकांना तो तिच्या अपघाताआधीपासून माहीत होता. कोकाटे माझ्याबरोबर आहेत. समितीने इथे येऊन पाहावं, भिंतीवर दिसतो. माझं उत्तर 'नाही' असं आहे. पथसाखळीला मी मान्यता देत नाही."